सेल्युलोज आणि रेशीम-प्रथिनापासून जैवसंमिश्र पापुद्रा कसा तयार करावा

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज आणि रेशीमकिड्याच्या कोषातील फायब्रॉइन हे प्रथिन यांचा संयोग कागदावर फार सोपा दिसतो. दोन्ही पदार्थ निसर्गातच तंतुरूपात असतात, दोन्ही आपले बळ मुख्यतः हायड्रोजन बंधांतून मिळवतात आणि दोन्ही पाण्यात मिसळता येतात. प्रत्यक्षात मात्र पहिल्या काही प्रयत्नांत हाती येते ते बहुधा गुठळ्यांचे पांढरट जेल किंवा नखाने मोडणारा ठिसूळ पत्रा. याचे कारण बहुतेक वेळा प्रमाणात नसते, ते क्रमात असते. फायब्रॉइन हे गोठायला टपलेले प्रथिन आहे. येथे गोठणे म्हणजे थंडीने बर्फ होणे नव्हे, तर प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींत घट्ट बसून पाण्यात न विरघळणाऱ्या होणे. सेल्युलोजमध्ये पूर्णपणे मिसळेपर्यंत त्याला गोठू न देणे आणि मिसळून वाळल्यावर मात्र ते जाणीवपूर्वक गोठवणे, एवढ्यावर या कामाचे यश अवलंबून असते. पुढील कृतीतील प्रत्येक पायरी याच दृष्टीने वाचावी.

येथे प्रामुख्याने पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार करण्याची पद्धत दिली आहे, कारण ती कमीत कमी उपकरणांत होते आणि चूक कोठे झाली ते डोळ्यांना दिसते. तरीही ही प्रयोगशाळेतील कृती आहे. स्वयंपाकाची भांडी, चूल किंवा शीतकपाट तिच्यासाठी वापरू नये.

रेशमातून फायब्रॉइन वेगळे करणे

तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोषातील धाग्यात फायब्रॉइनचे दोन तंतू असतात आणि त्यांना सेरिसिन या चिकट प्रथिनाचे वेष्टन असते. वजनाने पाहिल्यास सेरिसिन साधारण एक चतुर्थांश भरते. ते पूर्णपणे काढावे लागते, कारण राहिलेले सेरिसिन पुढे द्रावण गढूळ करते आणि गोठण्याच्या वेळेचा अंदाज चुकवते. टसरसारख्या वन्य रेशमाचे कोष या कृतीसाठी घेऊ नयेत. त्यांच्या फायब्रॉइनमध्ये अॅलॅनिनच्या लांब साखळ्या असतात आणि ते पुढे सांगितलेल्या लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात सहज विरघळत नाही.

कोष कात्रीने कापून आतील किडा व त्याची कात काढून टाकावी आणि कोषाचे नखाएवढे तुकडे करावेत. ५ ग्रॅम तुकड्यांसाठी २ लिटर डिस्टिल्ड पाणी उकळावे, त्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट हळूहळू घालावे आणि मगच कोष टाकून ३० मिनिटे उकळावेत. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे. धुण्याचा सोडा स्फटिकरूप असल्यास त्याच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो आणि तेवढ्याच कामासाठी सुमारे ११.४ ग्रॅम घ्यावे लागतात. बाटलीवरील मजकूर न वाचता वजन केल्यामुळे सेरिसिन अर्धवट राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

उकळताना मधूनमधून ढवळावे, म्हणजे तुकडे मोकळे राहतात. वेळ मात्र घड्याळ लावून पाळावी. कार्बोनेटमध्ये उकळताना सेरिसिनबरोबर फायब्रॉइनच्या लांब साखळ्याही तुटू लागतात. त्यातील जड साखळीचे रेणुवस्तुमान सुमारे ३९० किलोडाल्टन असते आणि ६० मिनिटे उकळलेल्या रेशमात ते बरेच घसरलेले आढळते. लहान साखळ्यांचे द्रावण जास्त दिवस टिकते हे खरे, पण त्यापासून बनलेला पापुद्रा दुबळा होतो. बळ हवे असेल तर ३० मिनिटांच्या पुढे जाऊ नये.

उकळलेले रेशीम बाहेर काढून थंड डिस्टिल्ड पाण्यात तीन वेळा, प्रत्येक वेळी २० मिनिटे, धुवावे, घट्ट पिळावे, बोटांनी पिंजून पसरावे आणि रात्रभर वाळवावे. सेरिसिन गेले की नाही हे हाताला कळते: धुतलेले रेशीम कापसासारखे मऊ लागते, अर्धवट धुतलेले करकरीत राहते. वजन करूनही पडताळावे. ५ ग्रॅमपैकी साधारण ३.६ ते ३.७ ग्रॅम उरले पाहिजे. ४ ग्रॅमहून जास्त उरल्यास धुण्याची पायरी नीट झालेली नाही असे समजावे.

विरघळवणे आणि क्षार काढणे

फायब्रॉइन साध्या पाण्यात विरघळत नाही, कारण त्याच्या साखळ्या बीटा-शीट नावाच्या घट्ट स्फटिकी रचनेत बसलेल्या असतात. ही रचना उकलण्यासाठी ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडचे द्रावण वापरतात. २० मिलिलिटर द्रावणासाठी सुमारे १६.२ ग्रॅम लिथियम ब्रोमाइड लागते. ते पाण्यात पडताच बरीच उष्णता बाहेर पडते, म्हणून थोडे थोडे घालावे आणि पाण्याचे शेवटचे माप थंड झाल्यावर पुरे करावे. हातमोजे आणि संरक्षक चष्मा या पायरीला अनिवार्य समजावेत.

प्रत्येक ग्रॅम वाळलेल्या रेशमासाठी या द्रावणाचे ४ मिलिलिटर घ्यावेत. रेशीम लहान चंचुपात्रात दाबून बसवावे, त्यावर द्रावण ओतावे, झाकण लावावे आणि ६० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ४ तास ठेवावे. शेवटी मधासारखे दाट, पिवळसर आणि पारदर्शक द्रावण मिळते. तंतू दिसत असतील तर आणखी अर्धा तास द्यावा, पण चमच्याने घोटत बसू नये.

लिथियम ब्रोमाइड महाग असल्यामुळे काही जण कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी यांचे १:२:८ या मोलर प्रमाणातील मिश्रण वापरतात. ते कामही करते. मात्र आपल्या कामासाठी त्यात एक धोका आहे. कॅल्शियमचे थोडेसे आयन जरी मागे राहिले, तरी ते पुढे कार्बॉक्सिल गट असलेल्या सेल्युलोजच्या तंतूंना एकमेकांशी बांधतात आणि मिश्रण तेथल्या तेथे जेल होते. माझ्या मते सेल्युलोजबरोबरच्या कामात पहिल्या पद्धतीवर पैसे खर्च करणे शहाणपणाचे आहे.

यानंतर द्रावण ३.५ किलोडाल्टन मर्यादेच्या डायलिसिस नळीत, म्हणजे क्षार बाहेर जाऊ देणाऱ्या पण मोठे रेणू आत अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या नळीत, भरावे. नळी निम्म्यापेक्षा कमी भरावी, कारण आतील क्षारामुळे पाणी आत खेचले जाते आणि आकारमान जवळजवळ दुप्पट होते. गच्च भरलेली नळी रात्रीत फुटते. ती मोठ्या भांड्यातील डिस्टिल्ड पाण्यात ४८ तास ठेवावी आणि या काळात किमान सहा वेळा पाणी बदलावे. पहिले बदल लवकर, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या तासाला करावेत, कारण सर्वाधिक क्षार तेव्हाच बाहेर येतो. शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता ताज्या डिस्टिल्ड पाण्याच्या जवळपास आली, म्हणजे हे काम झाले. सुरुवातीच्या बदलांतील क्षारयुक्त पाणी नाल्यात न सोडता वेगळे साठवून नियमाप्रमाणे विल्हेवाटीस द्यावे.

नळीतील द्रावण ४ अंश सेल्सिअसला सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांवर २० मिनिटे फिरवावे, वरचे निवळ घ्यावे आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. मग ०.५ मिलिलिटर द्रावण वजन केलेल्या बशीत ६० अंशाला वाळवून शिल्लक वजनावरून तीव्रता काढावी. ती बहुधा ६ ते ८ टक्के येते. हे द्रावण ४ अंशाला काही आठवडे टिकते, पण ते रोज किंचित बदलत असते. शक्य असेल तर आठवड्याच्या आत वापरावे आणि बाटली हलवण्याची सवय टाळावी. जोराने हलवणे, वेगाने ढवळणे, ऊब, आम्ल आणि अल्ट्रासाउंड या सर्वांनी फायब्रॉइन लवकर गोठते.

सेल्युलोज: कोणते आणि कोणत्या अवस्थेत

कापूस किंवा कागदाचा लगदा थेट मिसळला तर त्याचे तंतू प्रथिनात केसासारखे वेगळे दिसतात आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून सेल्युलोजचे नॅनोतंतू लागतात. त्यांतही टेम्पो या उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण केलेले नॅनोतंतू या कामास सर्वांत सोयीचे आहेत. त्यांची रुंदी ३ ते ४ नॅनोमीटर असते आणि पृष्ठभागावरील कार्बॉक्सिल गटांमुळे ते ऋणभारित राहून एकमेकांना दूर ढकलतात. फायब्रॉइनचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्यावरील एकूण भार शून्य होतो तो, पीएच ४ च्या आसपास आहे, त्यामुळे उदासीन पाण्यात तेही ऋणभारित असते. दोन्ही घटकांवर सारखाच भार असल्याने ते शांतपणे मिसळतात. मिश्रणाचा पीएच ४ कडे घसरला, की हा आधार जातो आणि गुठळ्या धरतात. म्हणून मिसळण्यापूर्वी दोन्ही द्रावणांचा पीएच ७ ते ८ दरम्यान आहे याची खात्री करावी.

हे नॅनोतंतू तयार विकत मिळतात. पहिल्या प्रयत्नासाठी तेच घ्यावेत. फक्त ते भुकटीच्या रूपात नव्हे, तर कधीही न वाळवलेल्या, पाणीदार जेलच्या रूपात घ्यावेत. सेल्युलोजचे तंतू एकदा वाळले, की शेजारच्या तंतूंना हायड्रोजन बंधांनी कायमचे चिकटतात आणि पुन्हा पाण्यात घातले तरी पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. एक टक्का तीव्रतेचे जेल इतके दाट असते, की भांडे तिरके केले तरी ते पटकन सरकत नाही. म्हणून ते डिस्टिल्ड पाण्याने ०.५ टक्क्यापर्यंत पातळ करावे. मग होमोजिनायझरने (वेगाने घुसळून एकजीव करणाऱ्या यंत्राने) काही मिनिटे फिरवावे आणि उपलब्ध असल्यास बर्फात ठेवून थोडा वेळ अल्ट्रासाउंड द्यावा. शेवटी निर्वात कुपीत (आतील हवा काढता येणाऱ्या झाकणबंद भांड्यात) ठेवून हवेचे बुडबुडे काढावेत. सेल्युलोजवर हवी तेवढी जबरदस्ती करायची ती याच टप्प्यावर, रेशीम आत येण्यापूर्वी.

मिश्रण आणि ओतणे

आता प्रमाण ठरवावे. ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेट्री डिशचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर असते. ४० मायक्रोमीटर जाडीचा पापुद्रा हवा असेल आणि घनता प्रति घन सेंटिमीटर १.४ ग्रॅम धरली, तर सुमारे ०.३६ ग्रॅम कोरडा पदार्थ लागतो. त्यात ७० भाग रेशीम आणि ३० भाग सेल्युलोज घेतल्यास ०.२५ ग्रॅम फायब्रॉइन, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत पातळ केलेल्या द्रावणाचे ५ मिलिलिटर, आणि ०.११ ग्रॅम सेल्युलोज, म्हणजे ०.५ टक्का जेलचे २२ मिलिलिटर लागतील. एकूण २७ मिलिलिटर मिश्रणाचा थर सुमारे ४ मिलिमीटर उंच होतो. हा हिशेब आधी कागदावर करावा. नाहीतर जाडी दर वेळी वेगळी येते आणि दोन नमुन्यांची तुलना करता येत नाही.

सेल्युलोजचे जेल बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या चंचुपात्रात घ्यावे, चुंबकीय ढवळणी अगदी मंद ठेवावी आणि फायब्रॉइनचे द्रावण भांड्याच्या कडेने थेंब थेंब सोडावे. फेस दिसू लागला तर वेग जास्त आहे. १५ ते २० मिनिटांनी मिश्रण एकजीव, किंचित दुधी पण गुठळीविरहित दिसले पाहिजे. पापुद्रा घडी घालण्याइतका लवचीक हवा असेल, तर कोरड्या वजनाच्या ५ ते १० टक्के ग्लिसरीन याच वेळी घालावे. ग्लिसरीन पुढे पाण्यात आणि अल्कोहोलात अंशतः निघून जाते, हे ध्यानात असू द्यावे.

ओतण्यासाठी काचेऐवजी पॉलिस्टायरीनची डिश घ्यावी, कारण काचेला पापुद्रा चिकटून फाटतो. डिश समतल पृष्ठभागावर ठेवून पातळी बुडबुड्याच्या पट्टीने तपासावी आणि २३ ते २५ अंशाला, वाऱ्याचा झोत टाळून, दोन-तीन दिवस वाळू द्यावी. घाईने भट्टीत वाळवण्याचा मोह फार होतो. तसे केल्यास वरच्या बाजूस आधी साय धरते, खालचे पाणी अडकते आणि कडा वळतात. वाळलेला पापुद्रा कडेने सुटू लागला, की बोथट चिमट्याने उचलावा.

मुद्दाम गोठवणे

वाळलेला पापुद्रा तयार वाटतो, पण तो अजून तयार नसतो. यातील फायब्रॉइनचा बराच भाग अस्ताव्यस्त साखळ्यांच्या रूपात असतो आणि पाण्यात टाकताच विरघळून जातो. मागे सेल्युलोजचे फुगलेले जाळे राहते. बीटा-शीट रचना घडवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला म्हणजे पापुद्रा ८० टक्के इथेनॉलमध्ये ३० ते ६० मिनिटे बुडवणे. मिथेनॉलनेही हे होते, पण ते विषारी आहे आणि इथेनॉल पुरेसे असताना ते वापरण्याचे कारण दिसत नाही. बुडवल्यावर पापुद्रा आक्रसतो, म्हणून तो दोन जाळ्यांच्या चौकटीत धरावा आणि नंतर गाळण कागदांमध्ये वजनाखाली वाळवावा. आसपास ज्योत किंवा तापलेली शेगडी नसावी.

दुसरा मार्ग पाण्याच्या वाफेचा आहे. निर्वात कुपीच्या तळाशी पाणी ठेवून, वरच्या जाळीवर पापुद्रा ठेवावा आणि हवा काढून १२ ते २४ तास तसेच राहू द्यावे. वाफ साखळ्यांना हालचालीची मुभा देते आणि त्या स्वतःच रचना धरतात. खोलीच्या तापमानाला बीटा-शीटचे प्रमाण अल्कोहोलापेक्षा कमी येते. तापमान वाढवत ९५ अंशापर्यंत नेल्यास ते अल्कोहोलाच्या जवळ पोहोचते. वाफेने गोठवलेला पापुद्रा अधिक पारदर्शक आणि कमी ठिसूळ असतो. मी स्वतः वाफेचा मार्ग निवडीन. पाण्यात दीर्घकाळ राहायचा नमुना असेल तरच अल्कोहोलाचा विचार करीन.

तपासणी

सर्वांत स्वस्त चाचणी पाण्याची आहे. वजन केलेला तुकडा २४ तास पाण्यात ठेवावा, पुन्हा वाळवून वजन करावे. मोठी घट आली तर फायब्रॉइन नीट गोठलेले नाही. अवरक्त वर्णपट घेता आला तर १६२० ते १६३० प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात बीटा-शीट दिसते आणि १६४० ते १६५० मध्ये अस्ताव्यस्त साखळ्या. येथे एक सापळा आहे: सेल्युलोजने शोषलेले पाणीही १६४० च्या आसपासच दिसते. नमुना पूर्ण कोरडा न करता मोजमाप घेतल्यास ओलावा हाच न गोठलेल्या रेशमाचा पुरावा वाटू शकतो.

ताणचाचणीपूर्वी सर्व नमुने २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला किमान एक दिवस ठेवावेत, कारण दोन्ही घटक ओलावा शोषतात आणि ओलाव्यासरशी आकडे बदलतात. निव्वळ रेशीम आणि निव्वळ सेल्युलोज यांचे पापुद्रे त्याच पद्धतीने, त्याच दिवशी करावेत. त्यांच्याशिवाय मिश्रणाच्या आकड्यांना अर्थ नाही. मग ९०:१०, ७०:३० आणि ५०:५० अशी तीन प्रमाणे तपासावीत. सेल्युलोज वाढत जाते तसा पापुद्रा ताठ होतो आणि रेशमाचा ठिसूळपणा आवरला जातो, पण जेल दाट होत गेल्याने बुडबुडे काढणेही अवघड होते.

जिवाणू-सेल्युलोजचा दुसरा मार्ग

नॅनोतंतूंचे जेल मिळत नसल्यास सेल्युलोजचे जाळे जिवाणूंकडून विणून घेता येते. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू स्थिर माध्यमाच्या पृष्ठभागावर जाड, लिबलिबीत थर तयार करतो. हेस्ट्रिन आणि श्राम यांनी १९५४ साली दिलेले माध्यम आजही वापरात आहे: प्रति लिटर २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट अर्क, २.७ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि १.१५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. २८ ते ३० अंशाला, भांडे अजिबात न हलवता, ७ ते १० दिवसांत थर मिळतो. तो ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशाला तासभर ठेवून जिवाणू नष्ट करावेत आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवावे.

या थरात जवळपास ९९ टक्के पाणीच असते. त्यातील बरेचसे हलक्या दाबाने काढावे, पण थर वाळू देऊ नये, आणि लगेच २ ते ४ टक्के फायब्रॉइनच्या द्रावणात ४ अंशाला किमान २४ तास बुडवावा. फायब्रॉइनचा रेणू मोठा असल्याने तो आत हळू शिरतो. दोन-तीन तासांत काढलेल्या थरात रेशीम फक्त कातडीवर राहते. नंतर इथेनॉलमध्ये गोठवून वजनाखाली वाळवावे. या मार्गात मिसळण्याची कटकट नाही, पण प्रमाणावर ताबाही नाही. रेशीम किती गेले हे वजनातील फरकानेच कळते.

बळ कोठे वाढवावे

वरील कृतीत रेशीम आणि सेल्युलोज यांना धरून ठेवणारे काम केवळ हायड्रोजन बंध करतात आणि पाण्यात ते सैल पडतात. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ आणि व्हीटीटी ही संशोधन संस्था येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात या सांध्यावरच लक्ष दिले. त्यांनी कोळ्याच्या रेशमाच्या धर्तीवर जिवाणूंकडून घडवलेल्या प्रथिनाच्या दोन्ही टोकांना सेल्युलोजला चिकटणारे भाग जोडले आणि ते बर्चच्या लाकडाच्या, एका दिशेत बसवलेल्या नॅनोतंतूंत मिसळले. त्याआधी २०१७ साली स्वीडनच्या केटीएच संस्थेत प्रवाहाच्या जोराने नॅनोतंतू एका दिशेत आणून, त्यात थोडे कोळी-रेशीम प्रथिन घालून, सुमारे १,००० मेगापास्कल ताणबळाचे धागे काढण्यात आले. ओतून वाळवलेल्या पापुद्र्यात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात, म्हणून त्याची त्या धाग्यांशी तुलना करणे अन्यायाचे ठरेल. एका दिशेतील बळ हवेच असेल, तर न गोठवलेला पापुद्रा किंचित दमट असताना चौकटीत धरून हळूहळू ताणावा, ताणलेल्या अवस्थेतच वाळवावा आणि मगच गोठवावा. गोठवून झाल्यावर ताणल्यास तो लांबत नाही, फाटतो.